आईची घरची शुश्रूषा : महिन्याचे साडेसत्तेचाळीस हजार कुठून उभे करायचे?

निशिगंध | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज अडचण घेऊन आले आहे.

आईला ऑगस्टमध्ये ८२ पूर्ण झाली. त्याआधी जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलताना शब्द अडतात, पण समजतं सगळं. अठरा दिवस रुग्णालयात होती, तिथून थेट माझ्याकडे पुण्यात आणली. तोवर ती डोंबिवलीच्या आपल्या वन बीएचकेत एकटी राहायची, दर गुरुवारी भजनाला जायची, स्वतःचं पीठ स्वतः दळून आणायची. बाबा २०१४ साली गेले. ते केंद्र सरकारी खात्यात होते.

ऑक्टोबरचा हिशोब जसाच्या तसा लिहिते. ब्युरोकडून आलेल्या २४ तासांच्या मावशी २८,०००. डायपर, अंडरपॅड वगैरे ४,५००. फिजिओ आठवड्यातून तीनदा, ५०० प्रमाणे ६,०००. औषधं ५,५००. डॉक्टरांची घरची भेट आणि रक्ततपासणी १,५००. प्रोटीन पावडर, फळं, तिचं वेगळं मऊ जेवण २,०००. बेरीज ४७,५००.

आईचं फॅमिली पेन्शन महागाई भत्ता धरून १६,५९० येतं. बंगळुरूचा भाऊ जमेल तसे दहा हजार पाठवतो. उरलेले एकवीस हजार जुलैपासून माझ्या पगारातून जातात. रुग्णालयाचं बिल आम्ही दोघांनी निम्मं निम्मं भरलं, त्यात माझी शिल्लक संपली. मुलगी बारावीला आहे. नवरा एका शब्दाने बोलत नाही, पण आम्ही दोघंही रात्री जागे असतो हे दोघांनाही माहीत आहे.

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं नाही, हे ठरलेलं आहे. त्यावर सल्ला नको, कृपया. घरीच ठेवून हा खर्च लोक कसा भागवतात, एवढंच विचारते आहे.

———

कोकणकडा | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३५

आईंना लवकर आराम पडो. एक विचारतो, राग मानू नका. आईंच्या नावावर ठेवी आहेत का? आणि डोंबिवलीचं घर सध्या काय करताय?

———

निशिगंध | ४ नोव्हेंबर, रात्री ११:५२

राग कसला. १४ लाखांच्या एफडी आहेत, बाबांच्या फंडातून केलेल्या. दर वेळी मुदत संपली की व्याजासकट पुन्हा टाकल्या जातात. भाऊ म्हणतो त्यांना हात लावायचा नाही, पुढे मोठं दुखणं आलं तर असू देत. मलाही तसंच वाटत होतं. घर बंद आहे. बाबांची खुर्ची, आईचे देव, सगळं तिथेच आहे. भाड्याने द्यायचं म्हटलं की भावाला वाईट वाटतं.

———

जुना खातेदार | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा पेन्शनच्या टेबलावर. ताई, तुमचा आकडा वाचून पहिल्यांदा एकच गोष्ट डोळ्यात भरली.

केंद्र सरकारच्या पेन्शनमध्ये वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हीच वाढ लागू आहे. ज्या महिन्यात ८० पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती धरतात आणि तिच्यावर महागाई भत्ताही मिळतो. तुमच्या आईंचे १६,५९० म्हणजे मूळ १०,५०० अधिक ५८ टक्के भत्ता. याचा अर्थ वीस टक्के लागलेलेच नाहीत! महिन्याला २,१०० आणि त्यावरचा भत्ता, मिळून ३,३१८ रुपये, तेही दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना मिळालेले नाहीत.

असं का होतं तेही सांगतो. पेन्शन पेमेंट ऑर्डर नवऱ्याच्या नावाने निघालेली असते. बायकोची जन्मतारीख त्यात कित्येकदा नसते. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू होतं, पण बँकेच्या संगणकाला तिचं वय माहीत नसतं, म्हणून वाढ आपोआप लागत नाही. मी असे अर्ज स्वतः पुढे पाठवलेले आहेत, त्यातल्या काही बायका नव्वदीच्या होत्या. बँकेकडे साधा अर्ज द्या. सोबत पेन्शन ऑर्डरची प्रत, आधार, पॅन आणि असेल तर शाळेचा दाखला जोडा. बँक तो बाबांच्या मूळ कार्यालयाकडे पाठवते. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

नोव्हेंबर आहे, म्हणजे पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचंही बघायचं असेल. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. आईंना शाखेत नेऊ नका. सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सगळ्या बँकांना सांगितलेलं आहे. सही होत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा नाही उठला तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. काउंटरवरच्या नव्या मुलांना हा नियम ठाऊक नसतो, तेव्हा शाखाधिकाऱ्यांशीच बोला.

आता एफडी. तुमच्या ठेवींचं व्याज मुदतीला मिळतं, म्हणून हातात काही येत नाही. तेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला व्याज खात्यात पडतं. वयाची वरची मर्यादा नाही. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. पण चौदाच्या चौदा लाख त्यात घालू नका. पाच वर्षांची मुदत आहे, आणि वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज परत कापतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कापतात. दहा लाख तिथे ठेवा आणि चार लाखांच्या लहान लहान एफडी करा, म्हणजे गरज पडेल तेवढीच एक मोडता येईल. एफडी मुदतीआधी मोडताना दंड किती, ते मोडण्याआधी विचारा. दोन-तीन महिन्यांत मुदत संपणार असेल तर थांबा, तेवढ्यापुरती एफडीवर ओव्हरड्राफ्टची (ठेव न मोडता तिच्यावर उचल घेण्याची) सोय घ्या.

———

पारिजात | ५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

निशिगंध, तुम्ही लिहिलंय "त्यांना हात लावायचा नाही". मला तुम्हाला माझ्या आईची गोष्ट सांगायची आहे. इथे कधी लिहिली नव्हती.

आई सहा वर्षं अंथरुणाला होती, माझ्याकडे, साताऱ्याला. आम्ही चार भावंडं. तिच्या नावावर पैसे होते, पण ते "आईचे" होते, म्हणून कुणी त्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही. मी शाळेत शिक्षिका. जेवढं परवडेल तेवढं केलं. दिवसा एक बाई, रात्री मी. फिजिओ आठवड्यातून एकदाच यायचा. एअर मॅट्रेस दुसऱ्या वर्षी आणली, पाठीला जखम झाल्यानंतर. ती गेली तेव्हा ठेवी २२ लाखांच्या झाल्या होत्या. चार सारखे वाटे झाले. त्या सहा वर्षांत दोन वेळा येऊन गेलेल्यांनाही साडेपाच लाख, मलाही साडेपाच लाख.

पैशांचं मला वाईट वाटत नाही. पण त्या जखमेचं वाटतं. पहिल्याच वर्षी मॅट्रेस आणली असती, फिजिओ तीनदा ठेवला असता, रात्रीची बाई लावली असती, तर आई बरी झाली नसती, पण तिला कमी दुखलं असतं. आणि तो खर्च तिच्याच पैशांतून झाला असता. ती शुद्धीत होती. तिला विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं. आम्ही तिच्यासाठी म्हणून तिचे पैसे राखले, आणि ते राखले गेले आमच्यासाठी.

"मोठं दुखणं आलं तर" असं भाऊ म्हणतो ना? ते आलेलं आहे. उजवी बाजू गेली, याहून मोठं काय यायचं आहे? आईला विचारा. तिला सगळं समजतं असं तुम्हीच लिहिलं आहे. तिच्या पैशांबद्दल तिच्याशी न बोलता तुम्ही दोघं ठरवताय.

———

कोकणकडा | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

पारिजात, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिल्याबद्दल आभार.

———

तिठा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी सीए आहे. कराची बाजू थोडक्यात मांडते, कारण लोक इथे भलत्या आशेवर असतात.

निशिगंध, तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर आईच्या खर्चावर तुम्हाला कसलीही वजावट नाही. जुन्या प्रणालीत तीन वाटा आहेत (कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले). एक, ८०डी: आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचारावर तुम्ही केलेला ५०,००० पर्यंतचा खर्च. तो रोखीने केलेला चालत नाही. दोन, ८०डीडी: अवलंबून असलेल्या अपंग आईवडिलांसाठी ७५,०००, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ही ठरावीक रक्कम आहे, प्रत्यक्ष किती खर्च केला ते विचारत नाहीत, पण अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. तीन, ८०डीडीबी: ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी, ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखापर्यंत. पार्किन्सन, डिमेन्शिया वगैरे त्यात येतात. तुमच्या आईला स्वतःचं पेन्शन आहे, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत "अवलंबून" हा शब्द तुमच्या बाबतीत अडेल. मी तरी त्यावर भिस्त ठेवणार नाही. दोन्ही प्रणालींत कर काढून बघा आणि मगच ठरवा.

याहून कामाची गोष्ट म्हणजे उत्पन्न आईच्या नावाने राहू द्या. पेन्शन, ठेवींचं व्याज, उद्या घरभाडं आलं तरी सगळं मिळून तिच्यावर कर बसणार नाही. बँकेत कर बसत नसल्याचा फॉर्म भरून ठेवा म्हणजे व्याजातून टीडीएस कापला जाणार नाही. मुलांनी आईला पैसे दिले तर ती भेट करमुक्त असते आणि त्यावरचं व्याज आईचंच उत्पन्न धरतात, मुलांचं नाही. परदेशातली मुलंही हे करू शकतात.

घर कुणाच्या नावावर आहे ते मात्र तपासा. बाबांच्या नावावर असेल आणि सोसायटीत आई नॉमिनी म्हणून लागली असेल, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुम्ही दोघं भावंडंही वारस आहात. हक्कसोडपत्र करायचं असेल तर ते नोंदणीकृतच लागतं.

———

दुपारची वेळ | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

तिठा यांच्या बोलण्याला एक जोड देतो. जे काही सह्यांचं आहे ते आईंना समजतंय तोवरच करून घ्या. माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे. मी कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतो. माणसाची समज गेली की ते कायद्याने संपतं, हे मला वकिलाने नंतर सांगितलं. शेवटी पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. तोवर वडिलांच्या खात्यात पैसे होते आणि मी त्यांच्या औषधांसाठी मित्राकडून उसने घेत होतो. खातं जोडनावाने करा, "दोघांपैकी कुणीही" अशा सूचनेसह.

———

गोदाकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नाशिकला माझ्या आईवडिलांनी घेतलं आहे, सात वर्षं झाली.

राष्ट्रीय आवास बँकेने ही योजना २००७ मध्ये आणली. साठी ओलांडलेल्या माणसाचं स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण राहतं आणि बँक त्याला दरमहा रक्कम देते, जास्तीत जास्त २० वर्षं. हप्ता भरायचा नसतो. मुदत संपली तरी दोघांपैकी एकजण हयात असेपर्यंत घरातून कुणी उठवत नाही, फक्त रक्कम येणं थांबतं. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज आणि व्याज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकते आणि वरचे पैसे वारसांना देते. विक्रीतून कर्जाएवढे पैसे आले नाहीत तर फरक वारसांकडून वसूल करत नाहीत. महिन्याला येणारी रक्कम करमुक्त आहे.

बाजू दुसरीही सांगतो. व्याजावर व्याज चढतं आणि पंधरा वर्षांनी आकडा बघवत नाही. शाखेत हे प्रकरण हाताळलेला माणूस सापडायला आम्हाला चार फेऱ्या लागल्या. आणि माझ्या मोठ्या भावाने दीड वर्ष घरी येणं बंद केलं होतं. पण बाबांना वयाच्या ७९ व्या वर्षी मुलांपुढे हात पसरावा लागत नाही. ते स्वतः मामांना (सांभाळायला ठेवलेल्या माणसाला आम्ही मामाच म्हणतो) महिन्याच्या एक तारखेला पगार मोजून देतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघावा.

निशिगंध, तुम्हाला मात्र हे लागू नाही, कारण आई त्या घरात राहत नाही. राहतं घर ही मुख्य अट आहे. तुमच्यापुढे भाडं किंवा विक्री एवढंच आहे. मी असतो तर आधी भाडं बघितलं असतं. विक्री एकदाच करता येते.

———

मांडवी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

ज्यांच्याकडे पेन्शनही नाही आणि फ्लॅटही नाही, त्यांच्यासाठीही कुणीतरी लिहायला हवं. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून साठीपुढच्या गरजूंना महिन्याला २,००० मिळतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढे १,५००, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असण्याची अट आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, कमोड खुर्ची, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० मिळतात, त्याला दोन लाखांची मर्यादा आहे. यातून मावशी लागत नाहीत, डायपरही पुरत नाहीत. माझी काकी याच पैशांवर आणि शेजारणींच्या जिवावर दोन वर्षं जगली.

वस्तू विकत घेऊ नका, हे मात्र सगळ्यांना सांगेन. फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर उचलता येणारा पलंग), व्हीलचेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सगळं रुग्णसाहित्य केंद्रात अनामत भरून नाममात्र भाड्याने मिळतं. पुण्या-मुंबईत कित्येक मंडळं आणि ट्रस्ट ते चालवतात.

———

नेकारतीर | ७ नोव्हेंबर, रात्री १२:४५

मी जर्मनीत राहते, आई सांगलीला. इथे १९९५ पासून प्रत्येकाच्या पगारातून शुश्रूषेचा वेगळा विमा कापला जातो. माझी शेजारीण तिच्या आईला घरी सांभाळते. परावलंबनाच्या दुसऱ्या श्रेणीला महिन्याला ३४७ युरो, पाचवीला ९९० युरो, आणि ते घरच्या माणसानेच काळजी घेतली तरी मिळतात. आपल्याकडे असा विमा नाही. माझ्या आईसाठी चौकशी केली तेव्हा प्रत्येक आरोग्य विम्याने हेच सांगितलं की रुग्णालयातले उपचार देऊ, डॉक्टरांनी घरी उपचार करायला लावले तर अटींवर तेही देऊ, पण सांभाळणाऱ्या बाईचा पगार देणार नाही. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ मध्ये आलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचंच बिल भरतं. तरी ते काढाच. उत्पन्नाची अट नाही. उद्या पुन्हा दाखल करावं लागलं तर निदान ठेवी तरी वाचतील.

———

सेवेकरी | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

माझी आई सांगते आहे, मी टाइप करते आहे. आई पुण्यात चौदा वर्षं पेशंटची कामं करते.

"ताई, तुम्ही २८ हजार देता त्यातले तुमच्या मावशीला किती मिळतात ते तिला विचारा. मी ज्या ब्युरोत होते तिथे दर महिन्याला सहा हजार कापायचे. २४ तास म्हणजे आम्ही २४ तास जागे नसतो. पेशंट रात्री चार वेळा उठवत असेल तर बाई दिवसा ओरडणार, हात जड होणार. आजीला कुशीवर फिरवायचं राहून जाणार. म्हणून आठवड्याला एक सुट्टी द्या आणि त्या दिवशी बदली बाई बोलवा. त्याचे पैसे जातील, पण बाई टिकेल. मी तीन घरं सोडली ती पगारामुळे नाही, झोप नव्हती म्हणून सोडली. एका घरी आजींची सून मला रात्री आठ वाजता म्हणायची, जा, दोन तास झोप, मी बसते. त्या घरी मी साडेचार वर्षं राहिले, आजी जाईपर्यंत."

आई म्हणते आहे, फिजिओ काय करतो ते मावशीला शिकून घ्यायला सांगा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं हातपाय हलवले तरी सांधे धरत नाहीत.

———

तळवाट | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

मी तुमच्या भावाच्या जागी असलेला माणूस आहे. बहीण सोलापूरला आईला सांभाळते, मी नोएडाला. दूरच्या माणसाला खर्च दिसत नाही. मला वाटायचं, मी दहा हजार देतो म्हणजे निम्मा भार उचलतो. बहिणीने तीन वर्षं काही सांगितलं नाही. मग एका दिवाळीत तिने मला पंधरा दिवस आईजवळ ठेवलं आणि ती मुलांना घेऊन सासरी गेली. चौथ्या दिवशी मी तिला फोन करून रडलो.

भावाशी फोनवर वाद घालू नका. तुम्ही इथे पहिल्या पोस्टमध्ये जो हिशोब लिहिलाय तो एका गुगल शीटमध्ये घाला, पावत्यांचे फोटो लावा आणि त्याला दुवा पाठवा. एका रकान्यात तुमचे तास लिहा. पैसे मागायला नव्हे, दिसायला. आमच्याकडे आता ठरलं आहे की बहीण हात देते म्हणून मी पैसे जास्त देतो. आणि तिच्या नावाने महिन्याला पाच हजारांची रिकरिंग ठेव चालू केली आहे. ते आईच्या औषधाचे नाहीत. तिचे आहेत.

———

निशिगंध | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व.

पारिजात, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग डाव्या हाताने माझा हात धरून म्हणाली, "मोड." मला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं, "एफडी. मोड." चार महिने मी तिला हे विचारलं नव्हतं.

भावाला शीट पाठवली. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो आला, न कळवता, विमानाने. एक रात्र आईजवळ झोपला. सकाळी म्हणाला, घराची किल्ली दे. डोंबिवलीला जाऊन बाबांची खुर्ची आणि देव घेऊन आला. देव आता आईच्या खोलीत आहेत. घर भाड्याला लावायला तो तयार आहे, एजंटशी तोच बोलतोय. घराचे कागद बाबा आणि आई दोघांच्या नावावर निघाले, तेव्हा हक्कसोडपत्राचंही बघतो आहोत.

पेन्शनचा अर्ज १० तारखेला दिला. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं असं काही नसतं. मी जुना खातेदार यांची पोस्टच शाखाधिकाऱ्यांना दाखवली. त्यांनी आईची पेन्शन ऑर्डर बघितली. त्यात जन्मतारखेची जागा कोरी होती. पोच घेतली आहे.

सेवेकरीताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मावशींना विचारलं. त्यांना बावीस हजार मिळतात. ब्युरोशी करार अकरा महिन्यांचा आहे, तोवर काही करता येणार नाही, पण रविवारची सुट्टी चालू केली आहे. बदली बाई ९०० घेते. त्या दिवशी रात्रीची मी असते.

———

जुना खातेदार | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

दर पंधरा दिवसांनी चौकशी करत राहा, लेखी. आणि थकबाकी आली की ती कोणत्या महिन्यापासूनची आहे ते मोजून घ्या.

———

निशिगंध | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

धागा वर आणते आहे, कारण काल पेन्शनची वाढ लागली. ऑगस्ट २०२३ पासूनची थकबाकी ९६ हजारांच्या वर जमा झाली. जुना खातेदार, मी महिन्यामहिन्याचा भत्ता धरून मोजली. बरोबर आहे.

आता आकडे असे आहेत. पेन्शन १९,९०८. दहा लाख बचत योजनेत ठेवले, त्याचे तिमाहीला २०,५००, म्हणजे महिन्याला ६,८३३. डोंबिवलीचं भाडं १३,०००, सोसायटीचा मेंटेनन्स जाऊन १०,८००. मिळून साडेसदतीस हजार. खर्च रविवारच्या बदलीसकट ५१,१००. उरलेल्या साडेतेरा हजारांतले दहा भाऊ देतो, साडेतीन मी. थकबाकीतून एअर मॅट्रेस घेतली, बाकी तशीच ठेवली आहे. चार लाखांच्या छोट्या एफडी आहेत, त्यांना अजून हात लागलेला नाही. आयुष्मान कार्डही काढलं.

बचत योजनेच्या अर्जावर अंगठा चालला असता. आईने नाही म्हटलं. बारा दिवस जुन्या वहीत डाव्या हाताने सहीचा सराव केला. बँकेचा माणूस घरी आला तेव्हा मावशींनी तिला उशा लावून बसवलं, आणि तिने सही केली. अक्षर तिरपं आहे, पण पूर्ण नाव आहे, बाबांच्या नावासकट.

———

तिठा | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

फार बरं वाटलं. सही बदलली आहे तर बँकेने नवा नमुना नोंदवून घेतला ना? नाहीतर पुढच्या विड्रॉवलला अडवतील.

———

निशिगंध | ३ फेब्रुवारी, रात्री ९:५८

बचत योजनेच्या खात्याला घेतला. पेन्शनच्या खात्याला घ्यायचा राहिला आहे. उद्याच बोलते शाखेत.